वाळूवर उभे अरण्य

अस्थिर गोष्टीला उपमा द्यावयाची झाली, की माणसाला प्रथम वाळू आठवते. मुठीत घट्ट धरू जावे, तर ती बोटांच्या फटींतून निसटते. तिच्यावर उमटलेले पाऊल पुढची लाट पुसून टाकते. मुलांनी मोठ्या हौसेने बांधलेला वाळूचा किल्ला भरतीबरोबर नाहीसा होतो. म्हणूनच ज्या कार्याला भक्कम पाया नाही, त्याला लोक वाळूवरची इमारत म्हणतात. परंतु निसर्गाने मात्र याच वाळूवर एक अशी इमारत उभारली आहे, की ती पाहून माणसाने आपली उपमा पुन्हा एकदा तपासून पाहावी. त्या इमारतीत उंच वृक्षांची घनदाट अरण्ये आहेत, आरशासारखी निर्मळ सरोवरे आहेत आणि रात्रंदिवस वाहणारे गोड पाण्याचे ओढे आहेत. तिच्या पायाशी मात्र जिकडे तिकडे वाळूच वाळू!

हे नवल ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यालगत, क्वीन्सलंड राज्यात, मकरवृत्ताच्या थोडे दक्षिणेस वसलेले आहे. त्याचे नाव क'गरी. आरंभीचा 'क' लिहावयाचा, पण उच्चारावयाचा नाही, अशी तेथील रीत आहे. जुन्या नकाशांत हेच बेट 'फ्रेझर आयलंड' या नावाने दाखविलेले आढळते. सुमारे १२३ किलोमीटर लांबीचे आणि काही ठिकाणी वीस किलोमीटरांहून अधिक रुंद असलेले हे बेट म्हणजे जगातील सर्वांत मोठे वाळूचे बेट होय. १९९२ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

एवढी वाळू येथे आली तरी कोठून? तिचा प्रवास मोठा लांबचा आहे. दक्षिणेकडील न्यू साउथ वेल्स राज्यातील डोंगरांचे खडक ऊनपावसाने झिजले. नद्यांनी ते कण समुद्रात आणून सोडले. आग्नेयेकडून येणाऱ्या लाटांनी ते किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे ढकलत नेले. वाटेत ज्वालामुखीच्या प्राचीन खडकांची काही टोके समुद्रात उभी होती. त्यांच्या आधाराने वाळू थबकली, साचली आणि वाऱ्याने तिचे डोंगर रचले. त्यांपैकी काही टेकड्या समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरांहूनही उंच आहेत. हे बेट बारा ते सात लाख वर्षांपूर्वीच्या काळात आकाराला आले, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी २०२२ साली प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे, की या बेटाने वाळूचा लोंढा अडविला, म्हणूनच उत्तरेकडचे पाणी स्वच्छ राहिले आणि तेथे 'ग्रेट बॅरिअर रीफ' ही जगप्रसिद्ध प्रवाळरांग वाढू शकली. एकाने ओझे अडवून धरावे आणि त्यामुळे दुसऱ्याचे घर फुलावे, असे निसर्गाचे हे शेजारधर्माचे नाते आहे.

बेटावर जाण्यासाठी पूल नाही. प्रवासी मोटारीसह नौकेत चढतो आणि सामुद्रधुनी ओलांडतो. पलीकडे उतरल्यावर त्याला कळून चुकते, की येथे डांबरी रस्त्यांचा हिशेब चालत नाही. चारही चाकांना जोर देणारी मोटार असेल तरच येथे निभाव लागतो. चाकांतील हवा थोडी कमी करावी लागते, म्हणजे टायर पसरतात आणि वाळूत रुतत नाहीत. पूर्व किनाऱ्यावरची लांबच लांब पुळण हाच या बेटाचा हमरस्ता आहे. तिच्यावर मोटारींना वेगाची मर्यादा आहे, वाहतुकीचे नियम आहेत आणि लहान विमानेही तेथेच उतरतात. मात्र या रस्त्याचा खरा अधिकारी समुद्र! भरतीच्या वेळी तो रस्ता आपल्या ताब्यात घेतो. ओहोटीला पुन्हा मोकळा करून देतो. त्यामुळे शहरात घड्याळाकडे पाहून चालणारा माणूस येथे भरती-ओहोटीच्या वेळा विचारू लागतो. निसर्गापुढे मान तुकविण्याचा पहिला पाठ त्याला येथेच मिळतो.

या पुळणीवर 'माहेनो' नावाच्या जहाजाचा गंजलेला सांगाडा पडून आहे. १९०५ साली बांधलेले हे प्रवासी जहाज पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांचे तरंगते रुग्णालय झाले होते. १९३५ साली ते मोडीत निघाले आणि दुसऱ्या जहाजाला बांधून जपानकडे नेले जात होते. वाटेत वादळ झाले, दोर तुटला आणि माहेनो या किनाऱ्याला लागले ते कायमचेच. पोलादाचे ते अजस्र धूड लाटा आणि खारा वारा कणाकणाने खात आहेत. माणसाने ज्याला बळकट मानले ते पोलाद येथे झिजत आहे आणि ज्याला दुर्बळ मानले ती वाळू मात्र अरण्य पेलून उभी आहे!

जहाजापासून जवळच ईलाय नावाचा ओढा समुद्राला मिळतो. वाळूखाली साठलेले पावसाचे पाणी झिरपत झिरपत त्याच्या रूपाने बाहेर येते. तासाला चाळीस लाख लिटरांपर्यंत गोडे पाणी तो समुद्राच्या स्वाधीन करतो. वाळूने गाळलेले ते पाणी इतके स्वच्छ, की तळाचा कण न् कण दिसावा. येथल्या समुद्रात जोराचे प्रवाह आणि शार्क मासे असल्यामुळे पोहणे धोक्याचे असते. म्हणून लहानथोर सारे या ओढ्यातच उतरतात आणि प्रवाहाबरोबर अलगद वाहत जातात.

परंतु क'गरीचे खरे वैभव पाहावयाचे, तर किनारा सोडून आत शिरले पाहिजे. किनाऱ्यालगत प्रथम भेटतात ती वाळूला चिकटून राहणारी गवते आणि वेली. त्यांच्यामागे केवड्याच्या जातीची झाडे आणि सुरू दिसतात. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर वाळू धरून ठेवण्यासाठी ज्याची बने लावली आहेत, ते सुरूचे झाड मूळचे आग्नेय आशियाचे आणि ऑस्ट्रेलियाचेच. आणखी आत गेले, की झुडपे, मग निलगिरीच्या कुळातील उंच वृक्ष आणि बेटाच्या मध्यावर, खोल दऱ्यांत, प्रत्यक्ष वर्षारण्य! प्रवाशाच्या डोक्यावर पानांचे दाट छत येते. त्या छतातून उन्हाचे कवडसे तेवढे खाली उतरतात. वांगुल्बा नावाचा ओढा येथून वाहतो, पण त्याचा खळखळाट म्हणून नाही. तळाशी दगडगोटे नाहीत, मऊ वाळू आहे. मग पाण्याने आवाज करावा तो कशाशी? त्याच्या काठाला राजनेच्याची झाडे वाढतात. त्यांची कित्येक मीटर लांबीची पाने लाकडाच्या आधाराने नव्हे, तर आत भरलेल्या पाण्याच्या दाबाने ताठ उभी असतात.

ज्या वाळूत अन्नांश जवळजवळ नाहीत, तीवर हे वृक्ष पोसले जातात ते कसे, हा प्रश्न कोणाही विचारी प्रवाशाला पडल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर जमिनीखाली आहे. वृक्षांच्या मुळांशी एक सूक्ष्म बुरशी सोयरीक करून राहते. तिचे तंतू वाळूच्या कणांभोवतीचे अन्नांश वेचून वृक्षाला देतात आणि वृक्ष आपण तयार केलेल्या साखरेतील वाटा तिला देतो. समुद्रावरून येणारे तुषार आणि पाऊस काही क्षार आणून टाकतात. गळून पडलेले पान कुजते, त्याचे सत्त्व पुन्हा मुळांना मिळते. येथे काहीही वाया जात नाही, कारण वाया घालविण्याजोगे काही शिल्लकच नसते. गरिबीतला काटकसरीचा संसार जसा एकमेकांच्या आधाराने चालतो, तसा हा अरण्याचा संसार आहे.

आणि हा संसार अमर नाही, हेही हेच बेट दाखविते. पश्चिमेकडील अतिप्राचीन टेकड्यांवर पावसाने अन्नांश इतके खोल वाहून नेले आहेत, की मुळांना ते गाठता येत नाहीत. तेथे उंच अरण्य हळूहळू खुरटले आणि त्याची जागा ठेंगण्या झुडपांनी घेतली. वाळूच्या उघड्या कणापासून महावृक्षापर्यंत आणि महावृक्षापासून पुन्हा झुडपापर्यंत, असा वनस्पतिजीवनाचा सारा उदय आणि अस्त एका बेटाच्या रुंदीत वाचावयास मिळतो.

क'गरीच्या सरोवरांची कथाही अशीच नवलाची. वाळूत पाणी ठरत नाही, हा आपला नेहमीचा अनुभव. पण येथे टेकड्यांच्या खोलगटांत कुजलेल्या पानांचा थर साचला, वाळूचे कण त्याच्याशी जखडले गेले आणि पाणी अडविणारा एक तळ तयार झाला. त्यावर पावसाचे पाणी साठून सरोवरे बनली. त्यांना नदी येऊन मिळत नाही की झऱ्याचा आधार नाही. सारी भिस्त पावसावर. भूजलाच्या पातळीहून वर, जणू शिंक्यावर ठेवलेल्या पात्राप्रमाणे ती अधांतरी असतात. अशा प्रकारची जगातील सर्वांत मोठी सरोवरे याच बेटावर आहेत. त्यांतील बूरांगूरा सरोवर सर्वांचे लाडके. त्याचा काठ शुभ्र, तलम वाळूचा. काठाशी पाणी पारदर्शक आणि मध्यभागी गर्द निळे. त्या पाण्यात अन्नांश अत्यल्प असल्यामुळे फारच थोडे जीव त्यात राहू शकतात. पाण्याचे हे दारिद्र्यच त्याच्या निर्मळपणाचे रहस्य आहे. आणि म्हणूनच शेकडो स्नानार्थींच्या अंगावरचे तेल, मलम आणि साबण हे त्याला विषासमान ठरते. नदी आपली घाण वाहून नेते. या सरोवराला बाहेर जाण्याची वाटच नाही. त्यात जे पडले ते त्यातच राहावयाचे.

बेटाच्या पश्चिमेस हर्वी उपसागर आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांत हंपबॅक जातीचे देवमासे आपल्या पिलांना घेऊन तेथे विसाव्याला येतात. दक्षिणेकडच्या हिमसागराच्या प्रवासाला निघण्यापूर्वी माता पिलाला तेथे बळ देते. जमिनीवरचा प्रसिद्ध रहिवासी म्हणजे डिंगो हा रानकुत्रा. स्थानिक भाषेत त्याला 'वोंगारी' म्हणतात. ताम्रवर्णी अंग, उभे कान आणि सावध नजर असलेला हा प्राणी पुळणीवरून एकटाच चालत जाताना दिसला, की पाहणाऱ्याला आनंद होतो. तो घरच्या कुत्र्यासारखा दिसतो, आणि तेथेच घात होतो. हौसेने कोणी त्याच्यापुढे भाकरीचा तुकडा टाकतो, कोणी छायाचित्रासाठी त्याला जवळ बोलावतो. मग त्याचे माणसाविषयीचे भय जाते. तो शिकार विसरतो आणि तंबूंभोवती घोटाळू लागतो. २००१ साली डिंगोंच्या हल्ल्यात नऊ वर्षांचा एक मुलगा प्राणास मुकला आणि त्यानंतर अनेक डिंगोंनाही ठार करण्यात आले. एका मुठीच्या भुतदयेची किंमत दोन्ही पक्षांना प्राणांनी चुकवावी लागली. आज तेथे डिंगोला खाऊ घालणे हा दंडनीय गुन्हा आहे. वन्य प्राण्यावरचे खरे प्रेम त्याला दुरून पाहण्यातच आहे.

या बेटाचे मूळचे रहिवासी म्हणजे बुचुला लोक. हजारो वर्षे ते येथे राहत आले. त्यांची एक सुंदर कथा आहे. सृष्टिकर्त्या बीरलने आपला दूत यिंदिंगी याला भूमी घडविण्यासाठी पाठविले. क'गरी नावाची शुभ्र देवता त्याच्या मदतीला आली. काम पूर्ण झाले, तेव्हा त्या भूमीच्या सौंदर्याने ती इतकी मोहून गेली, की तिला परत जाववेना. मग यिंदिंगीने तिलाच बेटाचे रूप दिले. तिला एकटे वाटू नये म्हणून वृक्ष, पशुपक्षी आणि माणसे दिली. आकाशाकडे पाहता यावे म्हणून सरोवरांचे डोळे दिले. ज्या माणसांची अशी श्रद्धा असेल, ती त्या भूमीला मालमत्ता कशी मानतील? त्यांच्या लेखी ती माताच!

परंतु मातेचे नाव पुसले जाण्याची वेळ आली. १८३६ साली 'स्टर्लिंग कॅसल' हे जहाज फुटून त्यातील माणसे या भागात आली. कप्तान फ्रेझर येथे मरण पावला. त्याची पत्नी एलायझा वाचली. तिने सांगितलेल्या अतिरंजित कथांनी बुचुला लोकांची मोठी बदनामी झाली आणि बेटाला मात्र फ्रेझर हे नाव चिकटले. पुढे वसाहतवाल्यांनी त्यांच्यावर अत्याचार केले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांतील बहुतेकांना बेटावरून दूर पाठविण्यात आले. त्यांच्या वंशजांनी आपला हक्क सोडला नाही. २०१४ साली न्यायालयाने या भूमीवरील त्यांचा परंपरागत हक्क मान्य केला आणि २०२३ साली बेटाला त्याचे मूळ नाव अधिकृतपणे परत मिळाले.

दरम्यान बेटाच्या वैभवावर इतरांची दृष्टी गेली होतीच. १८६३ पासून येथे कुऱ्हाड चालू लागली. येथल्या सॅटिने वृक्षाच्या लाकडाला समुद्रातील किडे सहसा पोखरू शकत नाहीत. म्हणून ते सुएझ कालव्याच्या कामासाठीही नेण्यात आले. नंतर वाळूतील मौल्यवान खनिजांसाठी खाणी सुरू झाल्या. तेव्हा जॉन सिंक्लेअर या निसर्गप्रेमी गृहस्थाने १९७१ साली समविचारी मंडळींची संस्था उभारून विरोध आरंभिला. शेजारच्या गावांतील पुष्कळांची रोजीरोटी या उद्योगांवर अवलंबून होती. त्यामुळे त्यांना आपल्याच माणसांचा रोष सोसावा लागला. तरीही ते मागे हटले नाहीत. १९७६ साली बेटावरील खनिजांची निर्यात बंद झाली आणि १९९१ साली वृक्षतोडही थांबली.

कुऱ्हाड गेली, खाण गेली. आता बेट निर्धास्त झाले, असे कोणालाही वाटले असते. पण १४ ऑक्टोबर २०२० रोजी बेटाच्या उत्तर भागात आग लागली. कारण कोणते? वीज नव्हे, की वणवा पेटविणारा कोणी शत्रूही नव्हे. निसर्गाच्या सान्निध्यात रात्र घालविण्यासाठी आलेल्या माणसांनी मनाई असताना पेटविलेली एक शेकोटी! वरवर विझलेले निखारे आत धुमसतच राहतात. वाळू लोटली तर ती उष्णता झाकते, विझवीत नाही. ती आग सुमारे दोन महिने जळत होती. सत्याऐंशी हजार हेक्टरांच्या आसपास, म्हणजे अर्ध्याहून अधिक बेट तिने व्यापले. विमानांतून पाण्याचा मारा झाला, माणसे अहोरात्र झटली आणि अखेर पाऊस आला तेव्हा कोठे ती आटोक्यात आली. ओल्या वर्षारण्यांचा मोठा भाग बचावला, हे भाग्यच म्हणावयाचे. बुचुला लोकांनाही अग्नी ठाऊक होता. योग्य ऋतूत, लहान लहान भागांत, मंद आग फिरवून ते सुके गवत व पाचोळा जाळीत आणि मोठा वणवा टाळीत. आज त्यांचे वंशज वनरक्षक होऊन ते ज्ञान पुन्हा उपयोगात आणीत आहेत. अग्नी तोच, एकाच्या हाती तो भूमीची मशागत करतो, दुसऱ्याच्या हाती तिची राख.

येथेच या बेटाचा सर्वांत कठीण प्रश्न उभा राहतो. ज्यांनी लाकडासाठी अरण्य तोडले, त्यांना थांबविता आले. पण जो प्रेमाने येतो, त्याला कसे आवरावे? दरवर्षी लाखो माणसे येथे येतात. कोणाला सरोवरात डुंबावयाचे असते, कोणाला पुळणीवर मासे धरावयाचे असतात, कोणाला ताऱ्यांखाली झोपावयाचे असते. यांपैकी कोणाच्याही मनात वाईट हेतू नसतो. तरीही एकाचे मलम, दुसऱ्याचा भाकरीचा तुकडा, तिसऱ्याची शेकोटी आणि गवताने बांधलेल्या टेकडीवरून मोटार नेण्याची चौथ्याची लहर, यांची बेरीज केली, तर ती कुऱ्हाडीच्या घावाहून लहान ठरत नाही.

या प्रश्नाचे उत्तर बुचुला लोकांनी फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. त्यांचे तीन नियम आहेत. भूमीच्या हिताचे जे असेल, ते सर्वांआधी, हा पहिला. जे आपले नाही, त्याला हात लावू नये, हा दुसरा. आपल्यापाशी विपुल असेल, तर ते इतरांना वाटावे, हा तिसरा. या नियमांना ग्रंथ लागत नाही की पहारेकरी लागत नाही. ते ध्यानी घेऊन चालणारा प्रवासी स्नानापूर्वी अंगावरचे मलम पुसून टाकतो, कचऱ्याची पिशवी आपल्याबरोबर परत नेतो, डिंगो दिसला की दूर उभा राहतो आणि रात्री शेकोटीवाचून चांदण्यातच गप्पा मारतो. त्याच्या आनंदात तिळभरही उणे येत नाही. उलट सरोवर आपल्याला पाहुणा म्हणून सामावून घेत आहे, ही जाणीव त्या आनंदाला अधिक खोल करते.

परतीच्या नौकेत चढताना अशा प्रवाशाच्या मागे वाळूत केवळ पावलांच्या खुणा उरतात. थोड्याच वेळात भरती येते आणि त्याही पुसून टाकते. वाळूच्या या विस्मरणशीलतेला माणसाने आजवर दोष दिला. परंतु पाहुण्याची खूण न ठेवणे हाच तिचा मोठा गुण आहे. काही गोष्टी मात्र लाटेला पुसता येत नाहीत. जळलेला वृक्ष, गढुळलेले सरोवर, माणसाळून मारला गेलेला डिंगो यांच्या खुणा पिढ्यान् पिढ्या राहतात. लाटेला पुसता येईल एवढीच खूण आपल्यामागे ठेवावी, हे ज्याला साधले, त्यानेच हे बेट खऱ्या अर्थाने पाहिले.